स्वखर्चाने संगणकशास्त्रात पीएचडी: गोव्यात राहून करायची तर हिशेब असा मांडा

स्वखर्चाने पीएचडी करायची म्हटलं की लोक आधी फी विचारतात. संपूर्ण हिशेबात फी हीच सगळ्यात लहान रक्कम असते. सरकारी संस्थेत ती वर्षाला हजारांत बसते, नोकरी करणाऱ्याला सहज झेपते. जड पडतो तो न मिळालेला पैसा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) असलेल्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलो) म्हणून ४२,००० रुपये मिळतात. जानेवारी २०२३ पासून हे दर लागू आहेत. दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार आणि पुढच्या तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार धरले तर पाच वर्षांत २४ लाख होतात, घरभाडं वेगळं. फेलोशिप नसताना पूर्णवेळ बसायचं तर हे २४ लाख तुमच्या खिशातून गेले असंच समजायचं. नोकरी सोडून बसलात तर पगार किती बुडाला ते तुम्हीच मोजा.

म्हणून माझं मत सरळ आहे. संगणकशास्त्रात पूर्णवेळ आणि फेलोशिपशिवाय पीएचडी करू नका. आधी वर्षभर नेट (जेआरएफ याच परीक्षेतून मिळते) किंवा गेट (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) यांवर घालवा. नेट जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. आपल्या विषयाचा कोड ८७. १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो आणि सगळ्यात खालच्या गटातही नाव आलं तरी ते पीएचडी प्रवेशाला चालतं. तिथे नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. मात्र जेआरएफ नसलेल्यांचे हे गुण एकच वर्ष टिकतात, गेटचा स्कोअर तीन वर्षं टिकतो. संस्थेला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या विश्वेश्वरय्या योजनेतल्या जागा मिळाल्या आहेत का, तेही विचारून घ्या. ती योजना आपल्याच विषयांसाठी आहे आणि पुष्कळांना तिचा पत्ताच नसतो.

उरतो तो खरा स्वखर्चाचा मार्ग, म्हणजे नोकरी सांभाळून अर्धवेळ. कॉलेजात शिकवणारे, वेर्णे-पर्वरीच्या आयटी कंपन्यांत काम करणारे आणि सरकारी खात्यांतले सिस्टीम विभागाचे लोक या मार्गाने जातात. पुढचं बहुतेक त्यांच्यासाठी आहे.

गोव्यात दारं कुठे आहेत

गोवा विद्यापीठात संगणकशास्त्र शोधायला गेलात तर स्वतंत्र विभागाची पाटी दिसणार नाही. विषय गोवा बिझनेस स्कूलखाली आहे. संकेतस्थळावर विज्ञान शाखेत हेलपाटे घालून लोक "इथे हा विषयच नाही" असा समज करून घेतात. विद्यापीठाची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रंही असतात. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला केंद्राची मान्यता आहे एवढ्यावर जाऊ नका. मान्यता नेमकी कुठल्या विषयाला आहे आणि तिथल्या गाइडकडे (मार्गदर्शक प्राध्यापकाकडे) आज जागा शिल्लक आहे का, हे लेखी विचारा.

एनआयटी गोवा आता कुंकळ्ळीला स्वतःच्या जागेत आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या संकुलाचं उद्घाटन झालं. आयआयटी गोवा २०१६ पासून फर्मागुढीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात चालते. बिट्स पिलानीचं संकुल झुआरीनगरला आहे. म्हापसा किंवा डिचोलीहून कामावर जाणाऱ्याने कुंकळ्ळी निवडायच्या आधी आठवड्यातून दोनदा तो प्रवास जमेल का, ते बघावं. कोर्सवर्कच्या (सुरुवातीच्या सक्तीच्या वर्गांच्या) सहामाहीत तर जावंच लागतं.

प्रत्येक जाहिरातीत प्रवर्गाचा रकाना असतो: संस्थेची फेलोशिप घेऊन पूर्णवेळ, बाहेरची फेलोशिप घेऊन पूर्णवेळ, कंपनी-खात्याने पाठवलेला प्रायोजित उमेदवार, आणि स्वखर्च किंवा अर्धवेळ. सगळ्याच संस्था सगळे प्रवर्ग दरवेळी उघडत नाहीत. प्रायोजित आणि अर्धवेळ यात गल्लत होते. प्रायोजित उमेदवाराचा पगार चालू ठेवून कंपनी त्याला मोकळा करते, अर्धवेळवाल्याला असा मोकळा वेळ कोणी देत नाही. अर्ज करतानाच एक प्रश्न विचारून ठेवा: नोंदणीनंतर जेआरएफ मिळाली तर प्रवर्ग बदलून मिळेल का? "बघू" या उत्तरावर विसंबू नका, नियमाचा क्रमांक मागा.

फीची चौकशी करतानाही फक्त वार्षिक आकडा विचारू नका. प्रवेश, कोर्सवर्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय अनामत, प्रबंध सादर करताना लागणारी मूल्यमापन फी, आणि मुदत वाढवली तर पुनर्नोंदणी, हे सगळे आकडे वेगवेगळ्या पानांवर असतात. प्रबंध दिल्यावर निकाल लागेपर्यंत वार्षिक फी चालू राहते का, हेही आधीच विचारा.

गाइड फुकटात मिळत नाही

"मी फेलोशिप मागत नाही, मग मला घ्यायला त्यांचं काय जातं?" ही समजूत मुळातच चुकीची आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएचडी विद्यार्थी असू शकतात. तुम्ही स्वखर्चाने आलात तरी त्यातली एक जागा अडते, आणि अर्धवेळ असाल तर ती जास्त वर्षं अडते. गाइडच्या बाजूने बघितलं तर तुम्ही स्वस्त पडत नाही, महागच पडता. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेली व्यक्ती नवा विद्यार्थी घेऊ शकत नाही. नावाजलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या मागे लागण्याआधी एवढं बघून ठेवा.

पत्र छोटं लिहा, दीडशे-दोनशे शब्दांचं. त्यांचे गेल्या तीन वर्षांतले दोन पेपर खरोखर वाचा, आणि एकाचा कोड उपलब्ध असेल तर तो चालवून बघा. पेपरातल्या तक्त्यातला एखादा आकडा तुमच्या मशीनवर येतो का ते तपासा. बहुधा येत नाही. लायब्ररीची आवृत्ती वेगळी असते, डेटा कसा विभागला ते लिहिलेलं नसतं, रँडम सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) दिलेला नसतो. "तुमच्या तक्त्यातला तिसरा आकडा माझ्याकडे दोन टक्क्यांनी कमी येतो, कारण बहुधा असं असावं" एवढ्या एका वाक्याने दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त काम होतं. पत्रात वेळही सांगा: आठवड्याचे कुठले दिवस, किती तास. "वेळ काढीन" असं लिहिलेलं पत्र मागेच पडतं. आणि चवथीच्या आठवड्यात उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्रं धाडू नका!

एनओसीवर गाडी अडते

अर्धवेळ प्रवेशात सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नोकरीच्या ठिकाणच्या ना हरकत पत्रावर. पत्र मिळतं, पण मजकूर चुकतो. "अमुक यांना पीएचडी करण्यास आमची हरकत नाही" एवढ्यावर भागत नाही. यूजीसीच्या नियमात तीन गोष्टी स्पष्ट मागितल्या आहेत. मजकूर साधारण असा हवा:

"श्री./श्रीमती अमुक हे आमच्याकडे अमुक पदावर अमुक तारखेपासून काम करतात. त्यांना अर्धवेळ पद्धतीने पीएचडी अभ्यासक्रम करण्याची परवानगी देण्यात येत आहे. त्यांच्या कार्यालयीन कामाचं स्वरूप पाहता संशोधनासाठी पुरेसा वेळ देणं त्यांना शक्य आहे. आवश्यकता भासल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्यांना कामातून मोकळं करण्यात येईल."

शेवटचं वाक्य लिहायला व्यवस्थापन कचरतं, कारण बदली माणूस द्यावा लागेल असं त्यांना वाटतं. बोलणी त्याच वाक्यावर करावी लागतात. कोर्सवर्क एका सहामाहीपुरतं असतं, तास आठवड्यातून अमुक एवढे, आणि माझी लेक्चरं अशी हलवता येतील, असा कागद हातात घेऊन जा. अनुदानित कॉलेजात फाइल प्राचार्यांकडून व्यवस्थापनाकडे आणि गरजेनुसार पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयाकडे जाते. त्यामुळे जाहिरात निघायची वाट न बघता फाइल आधीच सरकवून ठेवा. कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर असाल तर कराराची मुदत पीएचडीच्या आधी संपणार हे उघड आहे. नोकरी बदलली तर नव्या ठिकाणचं पत्र द्यावं लागतं का, हे विचारून ठेवा. आयटी कंपनीत असाल तर अजून एक कलम बघा, ते म्हणजे नोकरीच्या काळात केलेल्या कामावर मालकी कोणाची. कंपनीच्या कामाशी मिळताजुळता विषय घेतला आणि कोड कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिला तर पेपर छापताना कायदा विभाग आडवा येतो. संशोधनाचं मशीन वेगळं, ईमेल वेगळा आणि कोडचं खातंही वेगळं ठेवा.

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) असतं. त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा पेपर सक्तीचा, आणि एकूण किमान ५५ टक्के लागतात. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. नियमात पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तासांचं शिकवणी-सहाय्यही देता येतं. अर्धवेळवाल्याला ते लागू करतात का आणि त्याचं मानधन आहे का, हा प्रश्न कोणी आधी विचारत नाही आणि मग रजा कमी पडतात.

मुदत किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून अजून दोन मिळतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. अर्धवेळ करणाऱ्याने सुरुवातीपासूनच सहा वर्षांचा आराखडा मांडावा. तीन वर्षांत होईल असं सांगणारा एकतर गाइड नाही, किंवा तुम्हाला ओळखत नाही.

विषय निवडताना मशीन आधी मोजा

संगणकशास्त्रातल्या स्वखर्चाच्या पीएचडीचं खरं गणित इथे आहे. फेलोशिपवाल्या विद्यार्थ्यामागे निदान प्रयोगशाळेचा सर्व्हर असतो. तुमच्यामागे तुमचा पगार आहे. म्हणून विषय ठरवायच्या आधी तो किती मेमरी खातो ते मांडा.

हिशेब सोपा आहे. समजा ७०० कोटी पॅरामीटरचं (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचं) भाषा-मॉडेल आहे. १६ बिटमध्ये प्रत्येक पॅरामीटरला दोन बाइट, म्हणजे नुसतं उघडायलाच १४ जीबी. पूर्ण प्रशिक्षण द्यायचं तर अ‍ॅडम ऑप्टिमायझरसकट (शिकताना पॅरामीटर बदलत नेणाऱ्या पद्धतीसकट) दर पॅरामीटरला साधारण १६ बाइट धरा: ११२ जीबी, आणि मधल्या ॲक्टिव्हेशनची (मॉडेलच्या प्रत्येक थरातून निघणाऱ्या आकड्यांची) मेमरी त्याहून वेगळी. घरात एवढ्या मेमरीचं ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) नसतं. तेच मॉडेल ४ बिटमध्ये आणलं तर साडेतीन जीबीत बसतं. त्यावर क्यूलोरा पद्धतीने थोडेच पॅरामीटर शिकवायचे ठरवले तर लहान वाक्यांसाठी १२ जीबीच्या कार्डावरही काम होतं. आणि बर्ट या लहान भाषा-मॉडेलच्या मूळ आकाराचं ११ कोटी पॅरामीटरचं मॉडेल याच कार्डावर पूर्णपणे शिकवता येतं, पावणेदोन-दोन जीबी आणि वर ॲक्टिव्हेशन. म्हणजे "मोठं मॉडेल शून्यापासून घडवणं" हा विषय तुमचा नाही. "लहान मॉडेल कमी डेटावर नीट चालवणं" हा मात्र आहे, आणि त्यात करण्यासारखं पुष्कळ आहे.

आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड पूर्ण भारावर १७० वॅट खातं. बाकीचं मशीन धरून भिंतीतून ३०० वॅट ओढले जातात असं धरा. चोवीस तासांत ७.२ युनिट, महिनाभर सतत चालवलं तर २१६ युनिट. घरच्या वीजबिलाचा टप्पा बदलतो तो इथेच. जूनच्या तोंडावर आणि पाऊस परतताना आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. दुकानदार जो ६०० व्हीएचा यूपीएस गळ्यात मारतो तो जेमतेम ३६० वॅट देतो आणि भार आला की काही मिनिटांत गप्प होतो. एक केव्हीएचा घ्या. तोही प्रयोग चालू ठेवायला नाही, फक्त चेकपॉइंट (प्रशिक्षण कुठवर आलं त्याची नोंद) लिहून मशीन नीट बंद व्हायला. चेकपॉइंट दर अर्ध्या तासाला पडेल असा कोड लिहा आणि त्यात मॉडेलसोबत ऑप्टिमायझरची स्थिती, इपॉकचा (डेटावरून झालेल्या फेऱ्यांचा) आकडा आणि रँडम सीडही साठवा. फक्त मॉडेल साठवलं तर पुन्हा सुरू केल्यावर लॉसचा (मॉडेलच्या चुकीच्या मापाचा) आलेख उडी मारतो आणि समितीतला कोणीतरी नेमकं त्या उडीवर बोट ठेवतो. किनाऱ्यालगत राहत असाल तर कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका. पावसाळ्यात आठवडाभर बंद राहिलेल्या मशीनच्या कार्डाच्या संपर्कपट्ट्या काळवंडतात.

फुकटच्या सोयी आहेत, पण त्या बेभरवशाच्या. गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेच्या मोफत खात्यात जीपीयू मिळेलच असं नाही आणि सत्र जास्तीत जास्त १२ तासांचं. कॅगल या तशाच सेवेवर आठवड्याला साधारण ३० तास मिळतात, आणि लहान प्रयोगांना ते खरोखर पुरतात. केंद्र सरकारच्या इंडिया एआय मिशनला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, त्यातून सवलतीत जीपीयू-तास मिळण्याची सोय आहे. अर्ज संस्थेमार्फत करायचा, त्यामुळे गाइडला सांगून ठेवा. विकतचं क्लाउड मशीन शेवटच्या प्रयोगांसाठी राखा. आधी लहान डेटावर घरी सगळं धावतंय याची खात्री करा आणि मगच तासाचं भाडं सुरू करा. रात्री बंद करायचं विसरलेलं मशीन हा क्लाउडवरचा सगळ्यात मोठा खर्च असतो. आपोआप बंद होण्याची वेळ लावल्याशिवाय ते सुरूच करू नका.

ज्यांना या भानगडीतच पडायचं नाही त्यांनी अल्गोरिदम, आलेखसिद्धांत, प्रोग्रॅमची औपचारिक पडताळणी किंवा सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतला कोड-भांडारांचा अभ्यास घ्यावा. साधा लॅपटॉप पुरतो. मात्र तिथे गणिताची बैठक लागते.

गोव्यातच पडून असलेला डेटा

स्वखर्चाने काम करणाऱ्याचं बळ एकच: जो डेटा बाहेरच्यांना मिळत नाही तो तुम्हाला मिळतो. कोकणी देवनागरीत लिहितात, रोमीत (रोमन लिपीत) लिहितात, कर्नाटकात कन्नड लिपीतही लिहितात. रोमीत तर एकच शब्द माणसागणिक वेगळा लिहिला जातो. गोवा विद्यापीठात कोकणी वर्डनेटचं (शब्दांचे अर्थसंबंध दाखवणाऱ्या कोशाचं) काम झालेलं आहे, एआय फॉर भारत या संशोधन गटाच्या २०२३ च्या इंडिकट्रान्स-२ या भाषांतराच्या मॉडेलमध्ये कोकणी आहे, मराठीसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाचे डेटासेट आहेत. म्हणजे पाया तयार आहे. लिप्यांतर, कोकणी-मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलेल्या मजकुराचं वर्गीकरण, मोडीतल्या जुन्या कागदांचं अक्षरवाचन, हे सगळं एका १२ जीबीच्या कार्डावर होण्यासारखं आहे.

"कृत्रिम बुद्धिमत्तेचा शेतीसाठी वापर" अशा थाटाचे विषय समिती पहिल्याच बैठकीत कापते. शीर्षकात इनपुट काय, आउटपुट काय आणि कशाशी तुलना करणार, हे तिन्ही दिसलं पाहिजे.

डेटा तयार करायला पैसे लागतात आणि हा आकडा कोणी धरत नाही. समजा ५,००० वाक्यांना लेबल लावायचं आहे, प्रत्येक वाक्य दोघांनी बघायचं, आणि दर वाक्याला पाच रुपये ठरले. ५०,००० रुपये झाले. मतभेदाच्या वाक्यांसाठी तिसरा माणूस, त्याचे वेगळे. थेट पाच हजारांवर उडी मारू नका. आधी २०० वाक्यं दोघांकडून करून घ्या आणि कोहेनचा कप्पा (दोघांची लेबलं किती जुळतात त्याचं माप) काढा. ०.६ च्या खाली आला तर दोष बहुतेक वेळा लेबल लावणाऱ्यांचा नसतो, तुमच्या सूचनांचा असतो. सासष्टीतला माणूस आणि पेडण्यातला माणूस एकच वाक्य वेगळं वाचतात, तेव्हा कोणाचं ग्राह्य धरायचं हे सूचनांत लिहायला लागतं. सूचना दुरुस्त करा, नवी २०० वाक्यं द्या, मगच पुढे जा. सरकारी खात्याकडून डेटा घ्यायचा असेल तर तोंडी होकारावर काम सुरू करू नका. अधिकारी बदलतो आणि दोन वर्षांचं काम छापता येत नाही. पत्रात तीन परवानग्या हव्यात: वापरण्याची, निष्कर्ष छापण्याची आणि डेटा इतरांना देण्याची. तिसरी बहुधा मिळत नाही, पण ती मिळणार नाही हे आधी कळलेलं बरं.

छापणं आणि सादर करणं

२०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशभराची सक्ती राहिलेली नाही, पण संस्था आपली अट घालू शकतात आणि घालतात. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे कुठलं नियतकालिक चालेल हे आता संस्था ठरवते. नोंदणीच्या दिवशी लागू असलेल्या नियमांची प्रत जपून ठेवा.

पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्यांचे ईमेल पहिल्या पेपरनंतर रोज येऊ लागतात. साधी चाचणी करा: नियतकालिक डीबीएलपीवर (संगणकशास्त्रातल्या प्रकाशनांच्या ऑनलाइन सूचीवर) आहे का, संपादक मंडळातल्या लोकांच्या स्वतःच्या पानावर त्या नियतकालिकाचं नाव आहे का. चांगलं छापायला पैसे लागतातच असं नाही. जेएमएलआर आणि टीएमएलआर ही मशीन लर्निंगची नियतकालिकं लेखकाकडून काहीच घेत नाहीत. परिषदेत पेपर देणं फुकट असतं, पण स्वीकारला गेला की एका तरी लेखकाला नोंदणी भरावी लागते. ती रक्कम, विमान आणि व्हिसा मिळून परदेशातल्या एका परिषदेचा खर्च सरकारी संस्थेच्या कित्येक वर्षांच्या फीएवढा होतो. एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संघटना मिळून प्रवास-अनुदान देतात, त्याला अर्ज करा. एसीएम इंडियाचीच अन्वेषण सेतू फेलोशिपही आहे. तिच्यातून दुसऱ्या संस्थेतल्या संशोधकाकडे काही आठवडे जाऊन काम करता येतं. लहान गावातून पीएचडी करणाऱ्याला एकटेपण येतं, त्यावर मला तरी हा चांगला उपाय वाटतो. वाचायच्या पेपरांसाठी आता खिशातून खर्च नको. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत सरकारी संस्थांना एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, आयट्रिपलई यांसारख्या प्रकाशकांची नियतकालिकं खुली झाली आहेत. खाजगी संस्थेत नोंदणी असेल तर तिथल्या ग्रंथालयाकडे काय आहे ते बघा.

प्रबंध देताना साम्य-अहवाल (मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो त्याचा) १० टक्क्यांपर्यंत चालतो. १० ते ४० मध्ये दुरुस्त करून द्यावा लागतो, ६० च्या वर नोंदणीच रद्द. आपल्या विषयात खड्डा वेगळाच असतो: स्वतःचेच छापलेले पेपर प्रकरणांत घेतले की आकडा फुगतो. ते पेपर कुठले आणि कुठल्या प्रकरणात आहेत, हे गाइडच्या सहीने जोडा आणि ग्रंथालयाला ते वगळून अहवाल काढायला सांगा. प्रबंध गाइडशिवाय निदान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात, आणि सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत उरकायची असं नियम सांगतो. पदवीच्या आधी प्रत शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहावर जाते. कोडचा दुवा प्रबंधात दिला असेल तर तो कोणा दुसऱ्याच्या मशीनवर चालतो का, ते आधी बघून घ्या.

"घरबसल्या ऑनलाइन पीएचडी", "परदेशी विद्यापीठाची डॉक्टरेट, थिसिससकट" असल्या जाहिरातींकडे ढुंकूनही बघू नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला भारतात मान्यता नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खाजगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडी प्रवेश द्यायला मनाई केली. तिथे पैसे भरून बसलेले लोक देशभर होते.

बाहेर जायचं असेल तर

अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पीएचडीला सहसा सहायकवृत्तीसह (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या मोबदल्यासह) प्रवेश मिळतो. पैशाविना आलेला प्रवेश म्हणजे विभागाला तुमच्यावर पैसे लावायचे नाहीत, असंच समजा. स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत शिकवणी-फी साधारणपणे नाही. पण नोकरी किंवा वृत्ती नसेल तर व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा) दाखवावे लागतात. न्यूझीलंड परदेशी पीएचडी विद्यार्थ्याकडून तिथल्या नागरिकाइतकीच फी घेतं, स्वखर्चाने जाणाऱ्याने हे दार आधी ठोठवावं.

स्वखर्चाची पीएचडी सर्रास चालते ती ब्रिटनमध्ये, आणि फटकाही तिथेच बसतो. फीशिवाय वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य-अधिभार पूर्ण मुदतीचा आधीच भरायचा असतो. काही विद्यापीठं उपकरणं आणि संगणनासाठी 'बेंच फी' वेगळी लावतात. ती प्रवेशपत्रात खाली बारीक अक्षरांत असते.

गोव्याच्या वाचकांना इथे एक खास गोष्ट लागू पडते. पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून ब्रिटनमध्ये कमी फी लागेल हे आता खरं नाही. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२१ पासून युरोपीय नागरिकालाही परदेशी दरच लागतो. इंग्लंडमधल्या स्विंडनसारख्या ठिकाणी आधीपासून राहून सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड दर्जा (ब्रेक्झिटनंतरही तिथे राहण्याचा हक्क) मिळवलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी वास्तव्याची अट पूर्ण केली असेल तर स्थानिक दर लागतो, जो २०२५-२६ साठी ब्रिटनच्या संशोधन परिषदांनी ५,००६ पौंड धरला आहे. परदेशी विद्यार्थ्याचा दर याच्या कित्येक पट असतो. पोर्तुगालमध्येच करायची असेल तर तिथल्या एफसीटी या सरकारी संशोधन-निधी संस्थेची डॉक्टरेट-वृत्ती आधी बघा. आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीच्या) गोव्यात राहत असाल, तर इथल्या अर्जात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारतीय लिहू नका. प्रवेशाचा कोटा आणि फी दोन्ही त्या रकान्यावर ठरतात, आणि चूक उघडकीला येते ती बहुधा कागदपत्रं तपासताना, प्रवेश यादी लागून गेल्यावर.